पायावरचं पांघरूण

जबाब देणारी: अतिदक्षता विभागातली नर्स. वय ४१. राहणार रुग्णालयामागची वसाहत. वॉर्डात सगळे मला 'हेडमास्तर' म्हणतात, तेही लिहून घ्या.

समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, मयत तरुण आमच्याकडे हृदय आणि फुफ्फुसांचं काम करणाऱ्या यंत्रावर होता. त्याचं हृदय सावरलं, म्हणून त्या सकाळी डॉक्टरांनी जांघेतल्या नळ्या काढल्या आणि तिथली मोठी धमनी टाके घालून बंद केली. पाऊल गरम होतं, नाडी लागत होती. त्याने मला विचारलं, "हेडमास्तर, आता पास ना?" मी म्हटलं, "आधी पाय सरळ ठेव, मग निकाल."

त्या जागेवर आम्ही पांघरूण घालत नाही. रक्त आलं तर लगेच दिसायला हवं. लाजबीज गेली चुलीत, असं मी प्रत्येक पेशंटला बजावते.

दुपारी त्याची आई आली. इतके दिवस बिचारीने त्याला काचेबाहेरूनच पाहिलं होतं, म्हणून मी तिला खाटेजवळ खुर्ची दिली. तेवढ्यात शेजारच्या खाटेवरच्या आजोबांचा श्वास अडकला, मी तिकडे धावले. जाताना "आई गं, थंडी वाजतेय" एवढं कानावर आलं.

परत आले तेव्हा त्याच्या अंगावर पांघरूण होतं. गळ्यापर्यंत ओढलेलं, दोन्ही बाजूंनी खोचलेलं, पावलांखाली दुमडलेलं. आई म्हणाली, "हळू हं, आत्ताच डोळा लागलाय." मी पांघरूण काढलं. खाली गादी भिजली होती. मी जांघ दाबून धरली, डॉक्टर आले तरी सोडली नाही. उपयोग झाला नाही. ती मला विचारत राहिली, "असं कसं झालं हो? बोलत होता की माझ्याशी."

तक्रार तिचीच आहे, हे मला माहीत आहे. मला तिचा राग नाही. अजूनही हात धुताना तळव्याखाली त्याची नाडी उडते, मग मी नळ बंद करून उभी राहते.

पांघरूण कोणी घातलं, असं विचारल्यावरून सांगते की, मी घातलं. "परत आले तेव्हा पांघरूण होतं" असं मी आधी सांगितल्याचं जबाब घेणाऱ्या साहेबांनी दाखवलं. ते खोडा. साहेब म्हणाले, "बाई, तुमच्या अंगाशी येईल, नोकरी जाईल." जाऊ दे. मला दुसरी नोकरी मिळेल.

जबाब मला वाचून दाखवला, माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. फक्त खोडलेलं वाचता येणार नाही असं खोडा. याची प्रत त्याच्या आईच्या हातात जाईल.