गंगेतली अंगठी

इंजिनिअर नवऱ्यांची एवढी स्तुती चाललीय, म्हणून सांगते. बदली होऊन आम्ही कलकत्त्याला गेलो, त्याच वर्षी बागबाजारच्या घाटावर मी गंगेची ओटी भरत होते. खण-नारळ पाण्यात सोडताना माझ्या बोटातली सैल अंगठीही गेली. अंगठी सासूबाईंनी दिलेली, आणि आठ दिवसांनी त्या स्वतःच यायच्या होत्या!

"घाबरू नकोस, यंत्र आणू," हे म्हणाले.

लष्कराचा जुना माल विकणाऱ्या एका दुकानात धातू शोधायची दोन यंत्रं होती. "पाण्यात शोधायचं, तर पारख पाण्यातच करायला हवी," असं म्हणून ह्यांनी बादलीभर पाणी मागवलं, त्यात स्वतःची अंगठी टाकली आणि दोन्ही यंत्रं आळीपाळीनं वर धरली. एक नुसतं कुरकुरलं. दुसऱ्यानं ओरडून दुकान डोक्यावर घेतलं.

"हेच द्या!" हे म्हणाले, आणि मीही कौतुकानं मान डोलावली.

घाटावर गुडघाभर पाण्यात हे दोन तास फिरले. यंत्रानं हूं की चूं केलं नाही. आंघोळीला आलेली मंडळी अंग पुसायचं विसरून बघत होती.

सासूबाई आल्या, तेव्हा मी रडत रडत सगळं सांगून टाकलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि लेकाकडे वळल्या.

"दुकानातली बादली कसली होती रे?"

"लोखंडाची. का?"

"अरे, मग यंत्रानं बादली शोधली!"