पतंगेकाकांच्या नावाने सव्वीस जण

मंडळी, कथेत शिरायच्या आधी एक विचारतो. तुम्ही एखाद्या दारावर टकटक केली आणि आतून आवाज आला, "कोण?" — तर काय सांगता? स्वतःचं नाव सांगता. शेजाऱ्याचं नाव सांगून कुणी आत शिरतं का? नाही ना? पेटीवाले हसताहेत. हसू नका बुवा, सूर धरा! कारण आज ज्यांची गोष्ट सांगतो, ती सव्वीस माणसं चार वर्षं रोज दुसऱ्याचं नाव सांगून आत जात होती. चोर नव्हती हो. तुमच्याआमच्यासारखीच, उपासतापास करणारी माणसं होती.

सीना नदीच्या काठी एक तालुक्याचं गाव आहे. तिथे कै. गंगाधरपंत मुळे यांच्या नावाची एक रक्तपेढी. कोणी रक्त दिलं, त्याचा गट कोणता, पिशवी कुठे गेली, सगळं संगणकावर. आणि त्या सगळ्या संगणकांचा एक मोठा भाऊ — सर्व्हर! अख्ख्या इमारतीत एसी फक्त त्याला. अध्यक्षांच्या खोलीत पंखा, सर्व्हरला एसी. त्याच्या खोलीत चपला काढून जायचं, दसऱ्याला झेंडूचा हार घालायचा, कुंकू लावायचं.

पहिल्या रांगेतल्या काकू विचारताहेत, सर्व्हर म्हणजे काय? काकू, आपल्या सप्ताहात कोठीघर असतं की नाही? पंगतीत वाढणारे पन्नास, पण तूप, साखर, पत्रावळी सगळं एका कोठीतून येतं. ती कोठी म्हणजे सर्व्हर. आणि कुणाला आत सोडायचं, कुणाला नाही, हे बघणारा जो कोठीवाला, ती त्याची प्रणाली. तो कोठीवाला कंपनी देते. पण अटीवर देते. म्हणते, कोठीतून जितके जण नेणार, तितक्या जणांची परवानगी घ्या. त्याला म्हणतात लायसन्स.

आता आपली माणसं अट ऐकली की काय करतात? पळवाट बघतात! रक्तपेढीत वसंत पतंगे म्हणून एक तंत्रज्ञ होते. बत्तीस वर्षं नोकरी. ते निवृत्त झाले, नारळ-शाल झाली, फोटो निघाला. पण संगणकातलं त्यांचं नाव कुणी काढलं नाही. एकाच नावाने भागलं तर परवानगीही एकच लागते, म्हणून नव्या-जुन्या सगळ्यांना सांगायचे, "पतंगे म्हणून आत जा." पासवर्डची चिठ्ठी गणपतीच्या फोटोखाली चिकटवलेली. बाप्पा राखण करतोय म्हणे! आणि ती चिठ्ठी चिकटवली कुणी? संगणकाचं काम बघणाऱ्या विनता धोत्रे यांनी. हुशार बाई, मनाच्या स्वच्छ. पण कंत्राटावर. दर मार्चमध्ये अध्यक्षांनी सही केली तर पुढचं वर्ष.

मग एक दिवस कंपनीचं पत्र आलं. जुना कोठीवाला म्हातारा झाला, आता त्याची डागडुजी आम्ही करणार नाही, नवीन घ्या. विनताताई खूश झाल्या. का होणार नाहीत? नव्यात काय काय होतं! आतली दुरुस्ती मशीन बंद न करता करता यायची. जुन्याला दर महिन्याला निजवावं लागायचं, तेवढ्यात कुणी रक्त मागायला आलं की सगळ्यांची तारांबळ. आता ते नाही. अर्थात ती सोय वेगळी घ्यायची. दर्शनाची पावती वेगळी, अभिषेकाची वेगळी, हे आपल्याला नवीन नाही! शिवाय कुणी फायली चोरायला चुकीचे पासवर्ड मारत बसला, तर नवा कोठीवाला प्रत्येक चुकीला दोन सेकंद थांबवतो. दोन सेकंद म्हणजे काय मोठं, असं वाटेल. पण लाखभर किल्ल्या लावून बघणाऱ्याला विचारा!

आणि अटी? मशीनच्या आत हिशेब करणारी जितकी डोकी, ज्यांना कोअर म्हणतात, तितक्यांचं लायसन्स. त्यातही डोकी आठ असली तरी कमीत कमी सोळांचं घ्यायचं. नसलेल्या आठ डोक्यांचंही! कमिटीत काही जणांना ते लगेच समजलं, त्यांना सवय होती. ते झालं की वापरणाऱ्या प्रत्येक माणसाचं वेगळं, आणि जुनी परवानगी नव्याला चालणार नाही. वापरणारे किती, ते लिहून, सही करून द्यायचं.

अध्यक्ष भाऊसाहेब लोहकरे म्हणाले, "ताई, पाच लिहा."

"भाऊसाहेब, माणसं सव्वीस आहेत."

"मशीनला कुठं दिसतात? त्याला एकटे पतंगेच दिसतात. बाकी चार दाखवायला धरा. झाले पाच."

विनताताईंनी कागद घरी नेला. परत आणला. पुन्हा नेला. सही काही होईना.

त्याच आठवड्यात, मंडळी, जे व्हायला नको ते झालं. एका बाळंतिणीसाठी रक्ताची पिशवी गेली. लेबल बी पॉझिटिव्हचं, आत रक्त ए पॉझिटिव्ह. दवाखान्यातल्या परिचारिकेने पुन्हा जुळवून बघितलं म्हणून बाई वाचली. चौकशीला सरकारी निरीक्षक गुळवे मॅडम आल्या. त्यांनी एकच विचारलं, "लेबल कुणी छापलं?" संगणक उघडला. त्यात लिहिलेलं — पतंगे, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं.

आणि पतंगे त्या वेळी कुठे? घरच्या अंगणात, दोडक्याच्या वेलाला मांडव करत होते! मॅडमना काय माहीत? त्यांनी नियमाप्रमाणे पतंग्यांच्या नावाने नोटीस काढली.

आता भाऊसाहेबांचं डोकं बघा कसं चाललं. म्हणाले, "ताई, उत्तर लिहा, पतंगे अधूनमधून मदतीला येतात, त्यांच्याकडून नजरचूक झाली. म्हातारा माणूस, त्यांना कोण काय करणार आहे? खरं सांगितलं तर चिठ्ठी निघेल, लायसन्स निघेल, आणि चिठ्ठीचं अक्षर तुमचं आहे." टेबलावर दोन कागद. एकावर पाच माणसं, दुसऱ्यावर पतंगे दोषी. दोन्हीकडे सही विनताताईंची. मार्च पंधरा दिवसांवर.

तुम्ही काय केलं असतं? मनातल्या मनात सांगा. मोठ्याने नको, शेजारी बायको बसली आहे.

चौकशीच्या दिवशी पतंगेकाका आले. धुतलेली टोपी, हातात नोटिशीचा कागद. बसायला सांगितलं तर बसले नाहीत. म्हणाले, "मॅडम, बत्तीस वर्षांत माझ्या हातून एक पिशवी चुकली नाही. मी पिशवीवर लेबल लावलं की दोनदा वाचायचो, एकदा डोळ्यांनी आणि एकदा तोंडाने. बायको घरी चेष्टा करायची, भाजीच्या पिशव्यासुद्धा वाचता म्हणून. माझ्याकडे इस्टेट नाही, मोठं घर नाही. गावात एवढं म्हणतात, पतंग्यांचं काम चोख. निवृत्त झालो तेव्हा ते नाव मी घरी घेऊन गेलो नव्हतो का? मग माझं नाव इथे काय करतंय?"



विनताताई उठल्या. दोन्ही कागद त्यांनी मॅडमपुढे ठेवले. "मॅडम, काका चार वर्षांत इथे आलेले नाहीत. त्यांच्या नावाने आम्ही सव्वीस जण काम करतो. लायसन्स वाचवायला. चिठ्ठी मी लावली. लेबल कुणी छापलं हे संगणक सांगू शकत नाही, कारण मीच त्याला ओळखू दिलं नाही." आणि सगळ्यांसमोर त्यांनी लायसन्सच्या कागदावरचा पाच खोडून सव्वीसचा आकडा लिहिला. सही केली.

भाऊसाहेब खिडकीबाहेर बघायला लागले.

आणि मग बघा! मागच्या खुर्चीवरून उद्धव जाधव नावाचा तंत्रज्ञ उभा राहिला. "मॅडम, ते लेबल मी छापलं. रजेवरच्या माणसाचं काम अंगावर होतं, घाई झाली. रोज वाटायचं सांगावं. पण माझं नाव कुठेच नव्हतं, म्हणून दडून राहिलो." विनताताईंनी स्वतःचं नाव सांगितलं आणि त्यालाही त्याचं नाव आठवलं. मॅडमनी त्याला तीन महिने लेबलाच्या कामावरून दूर केलं, आणि सोबतीला दुसरा माणूस असल्याशिवाय एकही लेबल छापायचं नाही, असं लिहून गेल्या.

पतंगेकाका जायला निघाले, दारात थांबले. "ताई, माझं नाव काढाल तेव्हा मला बघू द्या." त्यांना सर्व्हरच्या खोलीत नेलं. काकांनी चपला काढल्या. ताईंनी यादीतलं नाव दाखवलं आणि पुसलं. काका डोळ्यांनी वाचत होते, तोंडानेही वाचत होते. नाव गेलं, तशी त्यांनी टोपी काढून डोळे टिपले. म्हणाले, "आता खरा निवृत्त झालो."

पुढे? भाऊसाहेबांनी पेढीच्या दारात स्वतःच्या नावाची संगमरवरी पाटी सांगून ठेवली होती. ती रद्द झाली. खुशीने केली असं मी म्हणणार नाही! गावात तोंड दाखवायचं होतं. पण त्या पाटीच्या पैशांतून लायसन्स आली, आणि संगणकात एका नावाच्या जागी सव्वीस नावं आली, प्रत्येकाचं आपापलं. विनताताईंचं मार्चचं पत्र? आलं. एप्रिल संपता संपता आलं, पण आलं. गणपतीच्या फोटोखालची चिठ्ठी गेली. बाप्पाचीही सुटका झाली.

आता माझ्या मांडवाकडे वळतो. कितीजण जावयाच्या पासवर्डवर सिनेमे बघता? हात वर नका करू, मला दिसताहेत! ते राहू द्या. मी मोठं विचारतो. चूक झाली की "ऑफिसने केलं", "कमिटीने केलं", "सगळेच करतात" — हे सगळेच कोण? हे आपले पतंगेकाकाच! आपल्या चुकीचं ओझं वाहायला ठेवलेला बिचारा कुणीतरी म्हातारा.

रोज आपण त्याचं नाव घेतो, त्या सावळ्याचं. घ्यावंच. पण एक दिवस त्याच्याही दारावर जायचं आहे. आतून तो विचारेल, "कोण?" तिथे चिठ्ठी नाही, दुसऱ्याचा पासवर्ड नाही. म्हणून आज घरी जाताना प्रत्येकाने आपली एक चूक स्वतःच्या नावावर घ्या. एकच. आणि जिच्यासाठी दुसरा कुणी बोलणी खातो आहे, तीच घ्या. घेतलीत मनात? मग टाळ उचला, आता त्याचं नाव आपल्या तोंडी शोभेल.