काकूचा अंगठा

(दुष्काळाचं साल. संगमनेरकडच्या एका दवाखान्याचा व्हरांडा. खडी फोडायच्या कामावरच्या पाळणाघरातून चांगुणाने लहानग्या धोंडूला उचलून इथं आणलंय. समोर नर्स रोझी.)

रोझी : परत तेच. अहो, आतडं अडकलंय पोराचं, डॉक्टर खोळंबलेत. अंगठ्याशिवाय भूल देता येत नाही.

चांगुणा : देते म्हनलं की शिस्टर. काकू म्हनून घ्या.

रोझी : काकूचा चालत नाही. आईचा, नाहीतर बापाचा.

चांगुणा : बाप पुन्याकडं कामाला गेलाय. पत्ता न्हाई.

रोझी : आणि आई? पाळणाघराच्या कागदावर छबूबाई लिहिलंय. मुलाला काही झालं तर आमची तक्रार नाही, म्हणून तिनंच अंगठा दिलाय.

चांगुणा : बेलापूरला भनीकडं गेली. परवा यील.

रोझी : परवापर्यंत पोर राहतंय का? बाई, पहाटेपासून उभी आहे मी, भांडायचं त्राण नाही. त्याला कळ आली की आधी तुमचा जीव कासावीस होतो. तुमचाच ना तो?

चांगुणा : आसं इचारू नये.

रोझी : का?

चांगुणा : आधीची समदी पोरं गेली. एकबी बारशापतूर टिकलं न्हाई. ह्यो झाला तवा सासूनं माझ्या जावेच्या, छबूबाईच्या ओटीत घातला, पसाभर कोंडा घेतला तिच्याकडनं. म्हनली, आता ह्यो तिचा. अंगावर पाजलं, पन काकू म्हनूनच.

रोझी : माझा बाप जगावा म्हणून आजीनं त्याला उकिरड्यावर ठेवून उचललं होतं. पाद्रीसाहेबांना कळू न देता.

चांगुणा : जगला?

रोझी : जगला. त्याचं पोट कापायची वेळ आली नाही.

चांगुणा : ह्या कागदात काय लिवलंय?

रोझी : भूल देताना, पोट उघडताना पोर दगावलं, तर दवाखान्याला बोल नाही.

चांगुणा : म्हंजी माझ्यावर.

रोझी : तसंच.

चांगुणा : सासूबी हेच म्हनली हुती. तू आई म्हनवून घेतलंस आन् ह्यो गेला, तर तुझ्यावर.

रोझी : ऐका, कसा विव्हळतोय.

चांगुणा : मगाधरनं ऐकतीच हाय. आना ती शाई.

रोझी : हा डावा हात द्या. नातं काय लिहू?

चांगुणा : लिवा, आई. पन वाचून दाखवू नका, शिस्टर.