मेट्रनबाईंची पिशवी

(सर्जिकल वॉर्ड. निवृत्त मेट्रनबाई आज इथल्याच एका खाटेवर. आतड्याचं ऑपरेशन झालंय, पोटावर काढलेल्या आतड्याच्या तोंडाशी मळ गोळा करायची पिशवी चिकटवलीय.)

मेट्रन : आणि हे दिव्य ज्ञान तुला किती दिवसांत झालं?

धाकटी सिस्टर : दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं, मॅडम. जखमा आणि पोटावरच्या पिशव्या, एवढाच विषय.

मेट्रन : दोन दिवस! आमच्या वेळी दोन दिवस नुसतं हात धुवायला शिकवायचे. चहा तरी बरा होता का?

धाकटी सिस्टर : गार होता. पिशवी काढते हं. खालून गळतेय.

मेट्रन : जपून! काल खुद्द इनचार्जबाईंनी लावलीय. माझ्या हाताखाली तयार झालेली आहे ती. तू पाटीवर रेघोट्या ओढत होतीस तेव्हा ती ड्रेसिंग करायची.

धाकटी सिस्टर : कातडी सोललीय, मॅडम. तळहाताएवढी. आग होत असेल.

मेट्रन : होणारच. स्पिरिटनं पुसलंय तिनं, गुलाबपाण्यानं नव्हे. झोंबतं म्हणजे साफ होतं. ए, बोळा कशात बुडवलास?

धाकटी सिस्टर : कोमट पाण्यात.

मेट्रन : पाणी! भांडी विसळायला आलीयेस?

धाकटी सिस्टर : नुसतं पाणी, मग टिपून कोरडं. स्पिरिटनंच कातडीची ही दशा झालीय. आणि पिशवीचं हे भोक बघा, बांगडीएवढं कापलंय. सूज उतरली, आतड्याचं तोंड आता निम्मं झालंय. दर वेळी मोजायला हवं. नाहीतर मधल्या उघड्या कातडीवर दिवसभर मळ साचतो.

मेट्रन : बोलाव तिला.

इनचार्ज : काय झालं, बाई? हिनं आगाऊपणा केला का?

मेट्रन : भोक कापताना मोजलं होतंस?

इनचार्ज : त्यात मोजायचं काय? हाताला अंदाज आहे. तुम्हीच शिकवलंत ना, आधी स्पिरिट, मग ऐसपैस भोक.

मेट्रन : त्याला पंचवीस वर्षं झाली. नंतर काय शिकलीस?

इनचार्ज : नंतर वॉर्ड सांभाळला. प्रशिक्षणाला मी गेले तर इथे कोण? दर वर्षी एखादी नवी पोर धाडते.

मेट्रन : परत आल्यावर तिचं ऐकतेस?

इनचार्ज : कालच्या पोरीचं काय ऐकायचं?

मेट्रन : वा! म्हणजे शिकायला ती आणि पेशंटला हात लावायला तू. अक्कल गहाण टाकलीस का गं?

इनचार्ज : बाई, तुम्ही तरी कधी गेला होतात?

मेट्रन : ...नाही. बोलावणं आलं की हसायचे मी.

धाकटी सिस्टर : दुखतंय का, मॅडम? थांबू?

मेट्रन : नाही गं. पाणी झोंबतच नाही. तेच तर.

इनचार्ज : बाई, डोळे का पुसताय?

मेट्रन : कोपऱ्यातल्या खाटेवर ते मास्तर होते, आठवतात? पिशवी बदलायची वेळ झाली की चादर दातांत धरायचे. सगळ्या वॉर्डासमोर मी म्हटलं होतं, बायका बाळंत होतात, मास्तर, तुमची कसली ही नाटकं!

इनचार्ज : आठवतात. स्पिरिटचा बोळा मीच फिरवायचे.

मेट्रन : मग लांब काय उभी राहिलीस? ये इकडे, हिच्या शेजारी. आणि पोरी, ते माप कसं घेतेस, जरा हळू दाखव. आम्हा दोघींना.