गोल्फच का खेळतात?

तुम्ही हसाल, पण माझी सरकारी नोकरी गोल्फमुळे लागली. महाडच्या क्लासचे सर म्हणाले होते, "छंदात वाचन लिहू नकोस, सगळेच लिहितात." म्हणून नायब तहसीलदाराच्या फॉर्ममध्ये मी लिहून टाकलं, 'देशोदेशीचे नेते आणि त्यांचं गोल्फ'.

मुलाखतीत मंडळाच्या अध्यक्षांनी नेमकं तेच धरलं. अमेरिकेचे कोणते राष्ट्राध्यक्ष खेळायचे, ब्रिटनचे कोणते पंतप्रधान, मी घडाघडा सांगितलं.

"हे पाठांतर झालं," ते म्हणाले. "एवढी मोठी माणसं गोल्फच का खेळतात?"

हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. शेवटी खरं होतं ते सांगितलं. "सर, आम्ही पोलादपूरकडचे. माझे वडील वीस वर्षं मुंबईच्या एका क्लबात गोल्फच्या काठ्यांची पिशवी घेऊन मोठमोठ्या नेत्यांच्या मागे चालले. त्यांना मी हेच विचारलं होतं. ते म्हणाले, 'तिथं चार तास कोण अर्ज घेऊन येत नाय, गो.'"

मला वाटलं, गेली नोकरी. मग अध्यक्षच मोठ्याने हसले. "मीसुद्धा त्याचसाठी जातो," म्हणाले.

निवड झाली, तेव्हा पेढे घेऊन गावी गेले आणि बाबांना सगळं सांगितलं. त्यांचा पेढा हातातच राहिला.

"अगो, तू ते तिथं बोललीस? क्लबातल्या मंत्रीसाहेबांनी मला शपथ घातली होती, हे कुणाला सांगायचं नाय म्हणून!"