चार महिन्यांचा रकाना

बसा ना, उभ्या कशाला — ती खुर्ची नको, डुगडुगते. हं, तर भिंतीवरचा हा तक्ता. जन्मल्यापासून मेंदूत कुठल्या वयात कुठली जनुकं जागी होतात, कुठली झोपतात, त्याचा नकाशा, अजून भरतोय आम्ही. हा रकाना एक महिन्याच्या बाळांचा, हा दोन, हा चार — नाही, यात तुमचं बाळ नाही. बाळ गेल्यावर त्याचा मेंदू दान केलात, मोठं मन तुमचं, पण पत्रात कळवलंय की, ‘नमुना मुळातच खराब’. आता ते वाचून सासूबाईंनी मेंदूतच खोट होती, आईकडूनच आली, असं घरभर केलं, त्याला मी काय करणार?

डोळे पुसा, तिथे कागद आहेत. खोट कसली हो, नमुन्याचा डबा मीच उतरवून घेतला — डॉक्टरबाई म्हणाल्या, इतका चांगला नमुना क्वचित येतो. जाग्या जनुकांचे निरोप असतात पेशींत, तेच आम्ही वाचतो, आणि ते फार नाजूक, बर्फातून बाहेर राहिले की संपले. मी झाकण काढून चिठ्ठी डकवतेय, तोच लेकीचा फोन — मुलगी झाली. पहिली नात, तुम्हीच सांगा, ठेववतो का फोन? नाक कुणाचं, जावळ किती — पाऊण तास कसा गेला कळलं नाही.

फॉर्मवर दोन चौकोन असतात, ‘मुळातच खराब’ आणि ‘हाताळताना खराब’. दुसऱ्यावर खूण केली की चौकशी लागते, आणि माझी निवृत्तीला दोनच वर्षं राहिलीत. केली पहिल्यावर. बाळाला काय फरक पडणार होता?

लेखी? कसलं लेखी? मी काही बोललेच नाही, आपण तक्ता बघत होतो. दुःखात माणसाला काहीबाही ऐकू येतं, डॉक्टरबाईंनाही मी हेच सांगेन — आणि त्या माझं ऐकतात, वीस वर्षं झाली. सासूबाईंचं काय एवढं, दुसरं झालं की विसरतील.

थांबा हं, लेकीने व्हिडिओ पाठवलाय. आजच चार महिने झाले, बघा कशी मान वळवते आवाजाकडे — नको? बरं. जाताना दार ओढून घ्या, गारवा बाहेर जातो.