विमानातून झाई

विमानात मी एकदाच बसलो, तेवढं पुरे झालं. माझा जावई छोटं विमान चालवतो. म्हणाला, “मामा, तुम्हाला वरून आपली झाई दाखवतो.” जीपीएसमध्ये त्याने आमच्या झाई गावाच्या अक्षांश-रेखांशाचे आकडे घातले आणि आम्ही मुंबईहून निघालो.

डहाणू यायच्या आधीच उजव्या हाताचा किनारा दिसेनासा झाला. खाली नुसतं पाणी. माझ्या बोटीवर असलंच यंत्र आहे, त्यामुळे चूक मला लगेच कळली. पण जावयाला टोकायचं कसं? इंधनाचा काटा निम्म्याखाली गेला, तेव्हा मात्र तोंड उघडलं.

“जावईबापू, झाई बहात्तर रेखांशावर आहे. तुम्ही एकाहत्तर घातलंत.”

“मामा, मशीन चुकत नाही.”

“मशीन कुठे चुकलंय? एकाहत्तरला आम्ही जाळी टाकतो.”

त्याने आकडे पाहिले आणि विमान वळवलं.

दुसऱ्या दिवशी घरी चहा पिताना तो सासूला म्हणाला, “मामी, मामांना काल मुद्दाम समुद्रावरून फिरवून आणलं.”

बायको माझ्याकडे वळली. “बघा, जावई तुमची किती हौस करतात!”

माझा जन्म मासेमारीत गेला. मी म्हणालो, “हो, समुद्र छान होता.”